छज्ज्यावरची थोटकं

मी, कुंदा राजाराम घाडीगावकर, वय वर्षे एकोणसत्तर, अविवाहित, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार सदनिका क्रमांक ९०३, सुखदा सहकारी गृहनिर्माण संस्था, पंतनगर, घाटकोपर (पूर्व), मुंबई, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत करून ठेवत आहे. वकील श्री. सुयोग प्रभुदेसाई यांचं म्हणणं पडलं की ऑक्सिजनवर असलेल्या माणसाच्या बुद्धीबद्दल मागाहून शंका काढतात, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मी सांगत गेले आणि वकिलांच्या ऑफिसातल्या मुलीने टाइप केलं. वकिलांनी दोनदा सुचवलं, "बाई, मालमत्तेपुरतंच लिहा." मालमत्तेला मला अर्धं पान पुरलं असतं. बाकीचं लिहायचं होतं म्हणूनच हा कागद केला आहे.

कलम १. सन २०१९ मध्ये मी एक मृत्युपत्र केलं होतं. त्यात राहतं घर माझा भाचा, म्हणजे माझा भाऊ चंद्रप्रकाश याचा मुलगा देवेश, याच्या नावे लिहिलं होतं. ते मृत्युपत्र मी रद्द करत आहे. देवेशची यात काही चूक नाही. तो दर रविवारी कांजूरमार्गहून माझी औषधं घेऊन येत असे आणि अर्धा तास तरी बसत असे. मी ते मृत्युपत्र रद्द का केलं ते पुढे लिहिलं आहे.

कलम २. मला फुप्फुसांचा जो आजार आहे तो सिगारेट ओढल्यामुळे झालेला आहे. मी सन १९७९ पासून २०२३ पर्यंत सिगारेट ओढत होते, दिवसाला आठ ते दहा. सोसायटीतल्या पुष्कळांना हे खोटं वाटेल. आमच्या मजल्यावर मला देवभोळी समजतात, कारण माझ्या घरातून सकाळ-संध्याकाळ उदबत्तीचा वास येत असे. देव्हाऱ्यात मी एक लावायची, बाकीच्या बाथरूममध्ये. समोरच्या घरात मुलांना सांगत, "कुंदाताईंसारखी भक्ती पाहिजे." ऐकून मी मान खाली घालायची, तर त्यांना तो माझा विनय वाटायचा.

पहिली सिगारेट मला माझी मैत्रीण कमल रणपिसे हिने दिली, टेलिफोन एक्स्चेंजच्या गच्चीवर. मला कसलंही दुःख नव्हतं. दुपारी तीन वाजता बोर्डावर बसल्या बसल्या डोळे मिटत होते, एवढंच. कमल म्हणाली, "एक झुरका घे, झोप उडेल." झोप उडाली. कमलने मुलगा झाल्यावर सोडली. मलाही खूप वेळा म्हणाली, "सोड गं कुंदा, काय मिळतं तुला?" मी सोडली. मोजून आठ वेळा सोडली. सर्वांत जास्त दिवस सोडली ती आई गेली तेव्हा, कारण घर पाहुण्यांनी भरलेलं होतं आणि आडोसाच नव्हता. तेराव्याला शेवटचा पाहुणा गेला. मी दाराला कडी लावली आणि आधी सिगारेट पेटवली. रडले त्यानंतर.

पाकीट मी घाटकोपरात कधी घेतलं नाही. बसने विक्रोळीला जायची आणि पानवाल्याला सांगायची, "आमच्या साहेबांना हवंय." लग्न मी भावाच्या शिक्षणासाठी केलं नाही असं सगळे नातेवाईक सांगतात आणि मी त्यांना ते सांगू दिलं. चेंबूरचं एक स्थळ चांगलं होतं. माणूस हसरा होता, माझ्याशी नीट बोलला. पण दोन खोल्यांत पाच माणसं. चहा पिता पिता मी त्यांच्या घरात फक्त एवढंच बघत होते, की इथे ओढायला जागा कुठे आहे. नव्हती. मी नकार कळवला. कोणाच्या घरी मी चार तासांच्या वर थांबले नाही, कोकणात गावी गेले तर दुसऱ्या दिवशी परत. लोकांना वाटे मला माणसांची आवड नाही. आवड होती.

कलम ३. सन २०२१ मध्ये दोन जिने चढून दम लागायला लागला तेव्हा मी छातीच्या डॉक्टर ऋतिका मेहता यांच्याकडे गेले. त्यांनी तपासलं, नळीत फुंकर मारायला लावली आणि विचारलं, "आजी, गावाला चुलीवर स्वयंपाक करायचात का?"

मी म्हटलं, "हो."

माझा जन्म परळचा. आमच्याकडे स्टोव्ह होता. पण सिगारेटचं त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. माझ्यासारख्या बाईला ते विचारावंसं कोणाला वाटतच नाही. केसपेपरवर 'चुलीचा धूर' असं लिहिलं गेलं आणि त्या कागदाच्या आधारावर मी आणखी दोन वर्षं ओढत राहिले. मग घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. ते बसवणारा माणूस सांगून गेला की याच्याजवळ काडी ओढली तर भडका उडेल. दुसऱ्याच दिवशी मी मशीन बंद करून, नळी काढून, बाथरूममध्ये गेले. अर्ध्या सिगारेटीत खाली बसले. उठायला वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत हाक मारावी असं कोणाचं नाव मला आठवलं नाही.

त्या आठवड्यात मी डॉक्टरांना खरं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"किती?"

"आठ-दहा. चव्वेचाळीस वर्षं. मध्ये आठ वेळा सोडली."

"आजी, मला आधी का नाही सांगितलंत? सोडायला औषधं असतात, निकोटीनचं च्युइंगम असतं, आम्ही मदत करतो. तुम्ही एकट्याने आठ वेळा कशाला सोडत बसलात?"

त्या रागावल्या नाहीत. मला वाटलं होतं की हे कोणाला सांगितलं तर आभाळ कोसळेल. डॉक्टर ऋतिका यांनी जुन्या ओळीवर रेघ मारली आणि नवी ओळ लिहिली. औषध सुरू झालं, च्युइंगम चघळून दाढ दुखली, पण त्यानंतर मी ओढलेली नाही. त्या खोलीतून बाहेर आले आणि मला प्रेमाची आठवण झाली.

कलम ४. प्रेमा ही चंद्रप्रकाशची पहिली बायको. तिच्यावर जो अन्याय झाला तो मी केला. तो असा.

सन १९९२ चा मे महिना. तेव्हा याच जागी आमची जुनी इमारत होती आणि दुसऱ्या मजल्यावर आमची खोली. वडील वारले होते. चंद्रप्रकाश जानेवारीत मस्कतला नोकरीवर गेलेला. घरात आम्ही तिघी: आई सुंदराबाई, मी आणि प्रेमा. प्रेमाला पाचवा महिना होता.

माझी सकाळची पाळी दुपारी सुटत असे. तीन वाजता आई तळमजल्यावर भजनाला जायची, तेव्हा मी मागच्या खिडकीशी उभी राहून ओढत असे. प्रेमाला हे पहिल्या महिन्यातच कळलं होतं. तिने कधी एका शब्दाने विचारलं नाही. जिन्यावर आईची चाहूल लागली की ती तापल्या तव्यावर दोन सुक्या मिरच्या टाकायची. घरभर ठसका उठायचा, आई शिव्या देत आत यायची आणि सिगारेटचा वास त्यात बुडून जायचा. सासूच्या शिव्या ती माझ्यासाठी खायची. मी तिचे आभारही मानले नाहीत. आभार मानले असते तर ओढते हे कबूल केल्यासारखं झालं असतं.

थोटकं मी खिडकीतून टाकत असे. ती खालच्या गटारात जातात असा माझा समज होता. ती पहिल्या मजल्याच्या छज्ज्यावर साचत होती. एके दिवशी वाळत घातलेला परकर तिथे पडला, आई तो काठीने ओढायला गेली आणि तिला ती दिसली. मी कामावरून आले तेव्हा शेजारच्या चार बायका आमच्या दारात उभ्या होत्या आणि आईच्या पदरात थोटकं होती.

"ही थोटकां खयसून इली?" आई प्रेमाला विचारत होती. "घरात पुरुषमाणूस नाय. चेडू कामाक जाता, मी भजनाक जातंय. कोण येता गो आमच्या मागसून?" चेडू म्हणजे लेक, म्हणजे मी.

"कोणी येत नाही आई."

"मगे ही काय भुतान ओढल्यान?"

बाई सिगारेट ओढते हे त्या पाचजणींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. सिगारेट म्हणजे पुरुष, आणि घरात परका पुरुष म्हणजे पुढचं सगळं ठरलेलंच. आई स्वतः सकाळपासून चार वेळा मिश्री लावायची, तंबाखू भाजल्याचा वास आमच्या भिंतींना कायमचा होता, पण ते कोणी व्यसनात धरत नसे.

प्रेमाने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "वन्सं, तुम्ही सांगा ना."

मी म्हटलं, "मला काय माहीत?"

तरी ती थोडा वेळ थांबली. मला वाटतं ती मला आणखी एक संधी देत होती. मग म्हणाली, "आई, ही वन्संची आहेत. वन्सं ओढतात."

आईने तिच्या थोबाडीत मारली. पोटुशी बाई, भिंतीला जाऊन टेकली. "माज्या देवासारख्या चेडवाचा नाव घेतंस?" दारातल्या बायका म्हणाल्या, स्वतःचं झाकायला नणंदेवर घालते, बघा. मी मोरीत जाऊन पाय धुतले.

खात्यातर्फे आमच्याकडे फोन होता. मस्कतचा नंबर मीच फिरवला. चंद्रप्रकाश लाइनवर आल्यावर रिसीव्हर मीच आईच्या हातात दिला. माझं सगळं आयुष्य लोकांचे फोन जोडून देण्यात गेलं, त्यातला हा एक जोडला नसता तर चाललं असतं. तिसऱ्या दिवशी प्रेमाचा भाऊ देवगडहून आला आणि तिला घेऊन गेला. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी संडासात जाऊन ओढली. हात थरथरत होता, दोन झुरक्यांनंतर थरथरायचा थांबला. हे लिहायला मला लाज वाटते. पण व्यसन काय असतं ते याहून नीट मला सांगता येणार नाही.

सप्टेंबरमध्ये प्रेमाला मुलगी झाली, निधी. चंद्रप्रकाश बघायला गेला नाही. पुढे काडीमोड झाला, त्याने दर्शनाशी लग्न केलं, देवेश झाला. आई सन २००४ मध्ये वारली. शेवटच्या आजारात एकदा म्हणाली, "तुज्यासारख्या चेडू सगळ्यांक गावां दे." माझ्यासारखी लेक सगळ्यांना मिळो, असं ती म्हणत होती. तेव्हाही मी गप्प बसले.

मी या कागदाने जाहीर करते की ती थोटकं माझी होती. आमच्या घरी कोणीही परका पुरुष येत नव्हता. निधी ही चंद्रप्रकाशचीच मुलगी आहे.

कलम ५. प्रेमाचा पत्ता मागायचा धीर यायला मला दोन वर्षं लागली. तो मी तिच्या देवगडच्या भावाकडून मिळवला. ती मरोळला राहते. तिथल्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या पॅकिंगला सव्वीस वर्षं उभी राहून तिने मुलीला शिकवलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना ती काहीबाही कारण सांगत आली, पण मुलीला तिने सगळं खरं सांगितलं होतं. यंदाच्या सप्टेंबर महिन्यात मी लहान सिलिंडर घेऊन रिक्षाने तिच्याकडे गेले. तिने दार उघडलं, माझ्या नाकातली नळी पाहिली.

"या वन्सं. बसा."

तेहतीस वर्षांनी मला कोणी वन्सं म्हटलं. तिने पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, मध्ये मध्ये दम खात. ती लसूण सोलत होती, सोलतच राहिली.

"मला हे माहीत आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी पण माहीत होतं. मला कशाला सांगताय? ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

मी म्हटलं, "मी लिहून ठेवते. घरही तुझ्या नावावर करते."

"म्हणजे लोक म्हणणार, घरासाठी म्हातारीकडून लिहून घेतलं. नको मला." मग थोड्या वेळाने विचारलं, "त्याला साक्षीदार लागतात ना? किती?"

"दोन."

"मग एक मी."

मी तिथूनच वकिलांना फोन लावला. ते म्हणाले, ज्याला मिळायचंय त्याने साक्षीला राहू नये, उद्या कोणी कोर्टात गेलं तर पहिला मुद्दा तोच निघेल.

प्रेमा फोनच्या जवळ येऊन म्हणाली, "मला काही मिळायचं नाही. सही तेवढी करायची आहे." मग माझ्याकडे वळली. "आणि हे तुम्ही गेल्यावर उघडणार? मग कोणाला काही विचारायचं असेल तर ते कोणाला विचारणार? जिवंत आहात तोवर वाचू दे त्यांना."

कलम ६. त्याप्रमाणे कलम चारची एक प्रत मी नोव्हेंबरच्या दोन तारखेला चंद्रप्रकाशला पाठवली. त्याचा फोन आला.

"ताई, हे दर्शनाला पाठवलं नाहीस ना?"

"नाही. तुला पाठवलं. तुला तेव्हा खरं वाटलं होतं का रे?"

लाइन चालू होती, मला कळतं. मग म्हणाला, "आई रडत होती फोनवर. मी तिकडे, परक्या देशात. काय करणार होतो? तू का नाही बोललीस?"

"भीती वाटली."

"कोणाची?"

"सगळ्यांची."

त्याने फोन ठेवला. त्यानंतर तो आलेला नाही. देवेशही पाच रविवार आलेला नाही, औषधं मी दुकानातून मागवते. माझ्या ऑक्सिजनच्या नळीची लांबी पंधरा फूट आहे. ती पलंग, स्वयंपाकघर आणि बाल्कनीच्या दारापर्यंत पोहोचते. रविवारी संध्याकाळी मी दोन कप चहाचं पाणी ठेवते आणि मग एक कप ओतून देते. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. खरं बोलल्याची किंमत असते असं ऐकलं होतं, ती तेहतीस वर्षं प्रेमाने भरली, पाच आठवडे मी.

कलम ७. मालमत्तेची व्यवस्था अशी.

राहतं घर, त्यातल्या भांड्यांसह आणि कपाटासह, माझी भाची निधी हिला द्यावं. तिच्या सर्व कागदांवर तिचं नाव निधी प्रेमा मेस्त्री असं आहे, तेच इथे धरावं. मी तिला फोन केला होता. ती म्हणाली, "आत्या म्हणू की काय म्हणू तुम्हाला?" मी म्हटलं, तुला वाटेल ते. ती म्हणाली, "घर मी घेईन. मी लॅबमध्ये नोकरी करते, मला घर लागतं, खोटं कशाला बोलू? पण घर मी घेतेय, आईने नाही, असं स्पष्ट लिहा." तसं लिहिलं आहे.

बँकेत जे काही असेल ते देवेशला. त्याने इतके रविवार दिले, त्याची परतफेड म्हणून नव्हे. भाचा म्हणून.

ऑक्सिजनचं मशीन डॉक्टर ऋतिका मेहता यांच्या हवाली करावं. ते विकत घेण्याची ऐपत नसलेल्या रुग्णाला द्यावं, आणि तुझी फुप्फुसं कशाने गेली अशी चौकशी त्या रुग्णाकडे कोणीही करू नये.

आईची पितळेची मिश्रीची डबी चंद्रप्रकाशला. त्याने ती दर्शनी जागी ठेवावी किंवा भंगारात घालावी.

कमल रणपिसे हिला मी या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमते. तिला माझा जुना रेडिओही द्यावा. माझी सवय जिला पहिल्या दिवसापासून माहीत होती अशी ती एकटीच उरली आहे. तिच्याकडे मी कधी उदबत्ती लावली नाही. तिला छज्ज्याची गोष्ट मात्र मी परवा पहिल्यांदा सांगितली. ती रडली आणि म्हणाली, "माझ्या हातची होती गं पहिली." कमल, दिलीस तू, पण ओढली मी. हे तुझ्या डोक्यावर घेऊ नकोस.

कलम ८. माझे अंत्यसंस्कार विद्युतदाहिनीत करावेत. दहावं-बारावं करू नये. सोसायटीच्या फळ्यावर जी सूचना लागेल तीत मरणाचं कारण लिहावं: सिगारेट. 'निर्व्यसनी', 'सोज्ज्वळ' असे शब्द लिहू नयेत. कोणी हळहळलं की बिचारीने कधी काही केलं नाही आणि तरी असा भोग आला, तर त्या व्यक्तीला कमलने कलम चार वाचायला द्यावं. आमच्या मजल्यावरची एखादी मुलगी बाथरूममध्ये उदबत्ती लावत असेल, तर तिला डॉक्टर ऋतिका यांचा नंबर द्यावा आणि तिच्या घरी सांगू नये.

कलम ९. हे मृत्युपत्र माझ्या पश्चात अमलात यायचं आहे. कलम चार मात्र आज, सही होताच, लागू समजावं. त्याची एक प्रत सोसायटीच्या कचेरीत आजच देण्यात येत आहे. ती मागेल त्याला दाखवावी.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला आहे, तो मी सांगितला तसाच आहे. खाली नमूद केलेल्या दोघी साक्षीदारांच्या समोर मी यावर सही करत आहे आणि त्याही माझ्यासमोर सही करत आहेत.

स्थळ: पंतनगर, घाटकोपर (पूर्व), मुंबई
दिनांक: ७ डिसेंबर २०२५

(सही)
कुंदा राजाराम घाडीगावकर

साक्षीदार क्रमांक १
(सही)
डॉ. ऋतिका मेहता, घाटकोपर (पूर्व)
सही करतेवेळी बाई पूर्ण शुद्धीवर होत्या. दाखला सोबत.

साक्षीदार क्रमांक २
(सही)
प्रेमा मेस्त्री, मरोळ, अंधेरी (पूर्व)
मी सगळं वाचलं. कलम चारमध्ये लिहिलंय ते खरं आहे. मी साक्षीदार म्हणून सही केली आहे. माफ केलं असा अर्थ कोणी काढू नये.